दाट शक्यता म्हणजे नेमकी किती?

भाचीने पदवीसाठी सामरिक आणि राष्ट्रीय सुरक्षा अभ्यास हा विषय घ्यायचं ठरवलं आणि घरात वाद पेटला. आजोबा खूश. "म्हणजे तू गुप्तहेर होणार का गं?" मावशी नाराज. "माणसं मारायचं शास्त्र शिकण्यात उमेदीची वर्षं कशाला घालवायची?" थोरला भाऊ नेहमीप्रमाणे शहाणपणाने म्हणाला, "आधी इतिहास नाहीतर अर्थशास्त्र कर. हे सगळं एम.ए.ला बघता येतं." जिच्या शिक्षणाचा प्रश्न होता ती मुलगी गप्प बसून ऐकत होती. हा वाद आमच्या घरापुरता नाही. या पदवीचा विषय निघाला की हेच तीन सूर लागतात. त्यातले पहिले दोन इतक्या मोठ्याने लागतात की ज्यात खरोखर दम आहे तो तिसरा ऐकूच येत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ही पदवी असावी, आणि ती अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीच शिकावी. मात्र तिचे समर्थक देतात ते कारण मला पटत नाही. ते म्हणतात, देशाला तज्ज्ञ हवेत. तज्ज्ञांची टंचाई फारशी कधी नव्हतीच. सुरक्षेच्या इतिहासातले मोठे घोटाळे चाळून पाहा. बऱ्याच ठिकाणी योग्य गोष्ट सांगणारा कोणीतरी हजर होता. त्याचं ऐकून घेऊन "हे कशावरून?" आणि "आपलंच चुकत असेल तर?" असं विचारणारा तेवढा नव्हता. ही पदवी हवी ती असे ऐकणारे तयार करण्यासाठी, मग ते पुढे वर्दीत असोत, वर्तमानपत्रात असोत, संसदेत असोत की नुसतेच मतदार असोत.

आपल्या बाजूचे कच्चे मुद्दे आपणच आधी बाजूला काढलेले बरे, म्हणून समर्थकांपासून सुरुवात करतो. दुर्बिणी, उपग्रह आणि छत्रीधारी सैनिकांची चित्रं लावून ही पदवी खपवली जाते, जणू पदवीदानाच्या मंडपातूनच कोणीतरी उचलून गुप्तचर खात्यात नेऊन बसवणार आहे. तसं होत नाही. ती खाती भाषा जाणणारे, गणिती, वकील, अभियंते असे सगळे घेतात आणि आपलं काम आपल्या पद्धतीने शिकवतात. राहिला तज्ज्ञ घडवण्याचा मुद्दा. फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने २८४ जाणकारांकडून जवळजवळ वीस वर्षं राजकीय आणि आर्थिक घडामोडींची भाकितं गोळा केली आणि ती ताडून पाहिली. २००५ मध्ये त्याने जे छापलं ते या धंद्याला झोंबणारं होतं. "आज आहे तेच उद्या राहील" असल्या ठोकळ नियमांपेक्षाही सरासरी जाणकार सरस ठरत नव्हता, आणि ज्यांची नावं प्रसिद्धिमाध्यमांत जास्त झळकत त्यांचे अंदाज उलट जास्त कच्चे निघाले. मग कशाला ही पदवी? कारण त्याच माहितीत आणखी एक गोष्ट दडलेली होती. एकाच मोठ्या सिद्धान्ताला न चिकटता पाच ठिकाणची माहिती जमवणारे, स्वतःचं मत पुन्हा पुन्हा तपासणारे लोक इतरांपेक्षा बरे निघाले होते. पुढे २०११ ते २०१५ या काळात अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या संशोधन संस्थेने अंदाजांची स्पर्धाच भरवली. तेव्हा जेमतेम तासाभराच्या प्रशिक्षणानेही सामान्य लोकांचे अंदाज मोजता येईल इतके सुधारले. भविष्य सांगायला शिकवता येत नाही, अंदाज बांधायची शिस्त मात्र शिकवता येते.

मावशीच्या आक्षेपाला मी हसणार नाही. हिरोशिमानंतर वर्षाच्या आत, १९४६ मध्ये, बर्नार्ड ब्रोडी या अभ्यासकाने लिहिलं की आजवर सैन्याचं मुख्य काम युद्ध जिंकणं हे होतं, यापुढे ते युद्ध टाळणं हेच असलं पाहिजे. या विद्याशाखेचा आधुनिक अवतार त्या विचाराच्या आसपास जन्मला, तेव्हा तिला सरसकट युद्धखोर म्हणणं अन्यायाचं आहे. पण मावशीचं अर्धं बरोबर आहे. याच विषयात मुरलेल्या लोकांनी मरणाला गुळगुळीत नावं दिली. निरपराध माणसं मेली की ती ‘आनुषंगिक हानी’ झाली. व्हिएतनाममध्ये मृतदेह मोजून युद्ध जिंकत आल्याचे तक्ते मांडले गेले. असल्या भाषेत वर्षानुवर्षं वावरलं की मन निबर होतं, हे कबूल. पण आपण हा विषय शिकायचं सोडलं म्हणून तक्ते मांडणारे थांबतात का? ते मांडतच राहतात. तक्त्यातला आकडा आला कुठून, हे विचारायला तेवढं समोर कोणी उरत नाही.

त्याहून वजनदार आक्षेप अनुभवाचा. ज्याने कधी बंदूक धरली नाही, थंडीत पहारा केला नाही, त्या कोवळ्या पोराने वर्गात बसून रणनीतीवर बोलावं काय? आणि खरोखरच, या शास्त्राचा मूळपुरुष मानला जाणारा क्लॉजविट्झ बाराव्या वर्षीच प्रशियाच्या सैन्यात गेला होता, १८०६ च्या पराभवानंतर फ्रेंचांच्या कैदेत पडला होता. त्याच्या लिखाणातली धग त्या अनुभवाची आहे, ती कोणत्याही अभ्यासक्रमातून येणार नाही. पण हाच माणूस पुढे बारा वर्षं बर्लिनच्या युद्धशाळेचा प्रमुख होता. त्याचं म्हणणं असं की सिद्धान्ताने भावी सेनापतीची बुद्धी तयार करावी, रणांगणावर त्याच्या मागे मागे जाऊ नये. शिवाय अनुभवाची एक अडचण असते. तो नेहमी मागच्या युद्धाचा असतो.

१९१७ चा वसंत घ्या. जर्मन पाणबुड्या अशा सपाट्याने जहाजं बुडवत होत्या की एकट्या एप्रिल महिन्यात मित्रराष्ट्रांची आणि तटस्थ देशांची मिळून साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजं गेली. उपाय जुना होता: व्यापारी जहाजांचा तांडा करायचा आणि सोबत लढाऊ जहाजं द्यायची. उभं आयुष्य समुद्रावर काढलेले ब्रिटिश नौदलाचे वरिष्ठ म्हणत होते, अशक्य. दर आठवड्याला आपल्या बंदरांत अडीच हजार जहाजं येतात आणि तितकीच बाहेर पडतात, एवढ्यांना सोबत आणायची कुठून? रेजिनाल्ड हेंडरसन हा कमांडर दर्जाचा अधिकारी जहाजवाहतूक मंत्रालयात गेला आणि तिथले आकडे त्याने मागून पाहिले. त्या अडीच हजारांत किनाऱ्याकिनाऱ्याने ये-जा करणाऱ्या बारक्यासारक्या बोटीही धरलेल्या होत्या. महासागर ओलांडून येणारी, ज्यांच्यावर देशाचं पोट आणि युद्ध चालत होतं अशी जहाजं निघाली आठवड्याला सुमारे १४०. दिवसाला वीस! यातली खरी गंमत पुढेच आहे. तो फुगीर आकडा प्रसिद्ध करणारं सरकार ब्रिटिशांचंच होतं. तटस्थ देशांना धीर वाटावा, बुडालेली जहाजं त्यापुढे किरकोळ दिसावीत, म्हणून. दुसऱ्यांसाठी रचलेली थाप घरच्यांनीच खरी धरली. मे महिन्यात तांडे सुरू झाले आणि नुकसान हळूहळू आटोक्यात आलं. अनुभव सगळ्यांकडेच होता, बेरीज पुन्हा करून पाहावी असं एकाला वाटलं.

दुसरं उदाहरण ऐकणाऱ्याच्या बाजूचं. १९ ऑक्टोबर १९६२, क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडल्यानंतरचे दिवस. अमेरिकेच्या तिन्ही दलांचे अनुभवी प्रमुख राष्ट्राध्यक्ष केनेडींना सांगत होते, ताबडतोब हल्ला करा. हवाई दलप्रमुख लेमे यांनी तर नुसती नाकेबंदी करणं हे म्युनिकमधल्या (१९३८ मध्ये ब्रिटन-फ्रान्सने हिटलरपुढे केलेल्या) नांगीटाकूपणाइतकंच वाईट आहे, असा टोमणा तोंडावर मारला. समोरच्या माणसाने बावीस वर्षांपूर्वी हार्वर्डमध्ये पदवीचा विद्यार्थी असताना प्रबंध लिहिला होता तो नेमका म्युनिकवरच. ‘म्युनिक’ हा शब्द उच्चारला की राजकारणी गांगरतात. केनेडी गांगरले नाहीत. त्या एका प्रबंधाने जग वाचलं असं म्हणणं पोरकटपणा होईल. केनेडींनी स्वतः युद्धही पाहिलं होतं, आणि आदल्या वर्षी क्यूबाच्याच बाबतीत सल्लागारांवर विसंबून ते तोंडघशी पडले होते. पण ऐन आणीबाणीत एखाद्या ऐतिहासिक दाखल्याचं वजन किती धरायचं, हे ठरवायला तो दाखला आधी कधीतरी निवांतपणे उलगडून पाहिलेला असावा लागतो. सत्तेत शिरल्यावर तेवढी फुरसत मिळत नाही. पुढे कळलं की बेटावर सोव्हिएत सैनिक चाळीस हजारांवर होते. अमेरिकेचा अंदाज दहा हजारांच्या आसपास होता. शिवाय तिथे रणांगणावर वापरायची छोटी अण्वस्त्रं आधीच पोचली होती, आणि त्याचा पत्ता हल्ल्याचा सल्ला देणाऱ्यांपैकी कोणालाच नव्हता.

आता थोरल्या भावाचं म्हणणं. आधी एखादा मूळ विषय पक्का करावा, मग सुरक्षेकडे वळावं. मला विचाराल तर हा सगळ्यात प्रामाणिक आक्षेप आहे, आणि आज चालणाऱ्या बऱ्याच अभ्यासक्रमांना तो लागूही पडतो. थोडं आंतरराष्ट्रीय राजकारण, थोडा दहशतवाद, थोडं सायबर, शेवटी एक सहल: एक ना धड, भाराभर चिंध्या. ब्रिटिश इतिहासकार मायकल हॉवर्ड यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच बजावलं होतं की युद्धाचा अभ्यास विस्ताराने, खोलवर आणि संदर्भासकट करावा. यातली खोली सोडली की उरते ती चर्चा. तेव्हा ज्या पदवीत एक परकी भाषा, संख्याशास्त्र आणि एखाद्या तरी युद्धाचा कागदपत्रांपर्यंत जाणारा अभ्यास नसेल, ती घेऊ नये, असं मीही म्हणेन.

पण ‘आधी मूळ विषय’ या सल्ल्यात एक गृहीतक लपलेलं आहे. प्रश्न विषयांच्या कुंपणात राहतात, हे ते गृहीतक. १९७३ साली इस्रायलच्या गुप्तवार्ता विभागाची खात्री होती की लांब पल्ल्याची विमानं आणि क्षेपणास्त्रं हाती येईपर्यंत इजिप्त लढणार नाही, कारण त्यांच्याशिवाय तो जिंकू शकत नाही. लष्करी गणित म्हणून यात चूक नव्हती. पण इजिप्तचे अध्यक्ष सादात यांना इस्रायलचा पराभव करायचाच नव्हता. गोठलेल्या वाटाघाटी हलवायच्या होत्या, आणि त्यासाठी कालव्यापलीकडे पाय रोवता आला तरी पुरेसं होतं. हा लष्करी प्रश्न की राजकीय? सुएझच्या काठावर इस्रायलने वाळूची उंच भिंत उभारली होती. सुरुंगांनी ती फोडायला वेळ लागला असता, म्हणून इजिप्तने पाण्याचे पंप विकत घेतले आणि जोरदार फवाऱ्यांनी ती वाहून टाकली. कल्पना होती आस्वान धरणावर काम केलेल्या एका अभियंता अधिकाऱ्याची. पंपांच्या खरेदीत युद्ध दिसायला कोणत्या एका विषयाची पदवी लागते? हल्ल्याआधीच्या आठवड्यात इस्रायलच्याच बेंजामिन सिमान-तोव नावाच्या कनिष्ठ लेफ्टनंटने १ आणि ३ ऑक्टोबरला लिहून दिलं होतं की पलीकडे चाललेला ‘सराव’ खऱ्या हल्ल्याचा बुरखा असू शकतो. त्याचं टिपण वर गेलंच नाही. ६ ऑक्टोबरला हल्ला झाला. सिमान-तोवकडे ही पदवी नव्हती आणि हेंडरसनकडेही नव्हती, असं कोणी हटकेल. नव्हतीच. सांगणारे असेच अधूनमधून योगायोगाने उगवतात. उणीव होती ती त्याच्या वरच्या खुर्चीत.

आणि ही उणीव काही परक्यांचीच नाही. आपल्या मराठीत १७१५ च्या सुमारास लिहिलेलं आज्ञापत्र आहे, रामचंद्रपंत अमात्यांचं. ‘संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग’ हे त्यातलं वाक्य आपण भिंतींवर रंगवतो, पण सावकार आणि टोपीकर, म्हणजे युरोपीय व्यापारी, यांच्याबद्दलचा भाग सहसा कोणी उघडत नाही. अमात्य सांगतात की हे टोपीकर इतर व्यापाऱ्यांसारखे नव्हेत. त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, त्यांचं बळ आरमाराचं आणि तोफांचं आहे, मिळालेली जागा ते सोडत नाहीत. त्यांना जागा द्यायचीच तर समुद्रकिनाऱ्यापासून लांब द्यावी. व्यापार, आरमार आणि राज्यविस्तार यांची गाठ इतकी स्वच्छ ओळखणारं लिखाण त्या काळात दुसरीकडेही सहज सापडणार नाही. मग चाळीस वर्षांनी काय झालं? १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी करून तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला, आणि त्यात मराठ्यांचं समुद्रावरचं सगळ्यात दांडगं आरमार जळालं. तुळाजी ऐकत नव्हता, पुंडाई करत होता, पेशव्यांना त्याचा बंदोबस्त करणं भाग होतं, हे सगळं खरं. पण हे करताना इंग्रजांची मदत घेतली तर किनारा उद्या कोणाच्या हाती जाईल, हा प्रश्न मसलतीत ठामपणे कोणी लावून धरल्याचं निदान त्यातून जे निष्पन्न झालं त्यावरून तरी दिसत नाही. पुढच्याच वर्षी प्लासी झाली. सांगणारा होऊन गेला होता, तोही आपल्याच भाषेत.

शेवटचा आक्षेप सरकारशी असलेल्या जवळिकीचा. पैसा सरकारचा, माहिती सरकारची, नोकऱ्या सरकारच्या, मग विद्यार्थी दरबारी भाट होणार नाहीत तर काय? धोका खरा आहे, आणि काही ठिकाणी तो वर्गात शिरतानाच जाणवतो. पण इराकचं प्रकरण आठवा. ऑक्टोबर २००२ च्या अमेरिकी गुप्तचर अहवालात इराक अणुकार्यक्रम पुन्हा उभारतोय असं म्हटलं होतं, आणि त्याच अहवालात परराष्ट्र खात्याच्या विश्लेषण विभागाने आपली असहमती नोंदवली होती. इराकने मागवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या अणुकार्यक्रमासाठी नसाव्यात, असं ऊर्जा खात्याचंही मत होतं. म्हणजे लोकप्रतिनिधींपासून तरी शंका लपवलेली नव्हती, छापलेली होती. ज्यांनी युद्धाला मत द्यायचं होतं, त्यातल्या फार थोड्यांनी पूर्ण अहवाल उघडला. २००५ मध्ये अमेरिकेच्याच चौकशी आयोगाने ही जवळजवळ सगळी गुप्तवार्ता साफ चुकीची होती असं लिहिलं. तोवर युद्ध सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. सरकारपासून चार हात दूर राहणाऱ्या, ‘अहवाल तळटिपांसकट वाचलात का?’ असं विचारणाऱ्या शेपाचशे माणसांनी त्या वेळी आवाज केला असता तर? युद्ध टळलं असतंच असं मी म्हणत नाही. निदान तळटीप चर्चेत आली असती.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येतो. शर्मन केंट हे येल विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते, पुढे अमेरिकेच्या गुप्तचर खात्यात गेले. १९५१ मध्ये त्यांच्या चमूने लिहिलं की युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची शक्यता ‘गांभीर्याने घ्यावी’ अशी आहे. एका अधिकाऱ्याने सहज विचारलं, म्हणजे किती? केंट म्हणाले, हल्ल्याच्या बाजूने ६५, विरुद्ध ३५. विचारणारा चाट पडला, त्याला ती शक्यता बरीच कमी वाटली होती. मग केंट यांनी स्वतःच्या सहकाऱ्यांना विचारलं. सगळ्यांनी मिळून मान्य केलेल्या त्या एका शब्दप्रयोगाचा अर्थ कोणाच्या मनात २० टक्के होता, कोणाच्या ८०. दहा वर्षांनी क्यूबावरच्या फसलेल्या स्वारीआधीही हेच झालं. लष्करी अहवालात यशाची शक्यता ‘बऱ्यापैकी’ आहे असं लिहिलं होतं. लिहिणाऱ्याच्या मनात तीसेक टक्के होते, वाचणाऱ्यांना ती चांगली शक्यता वाटली. आपण रोज वाचतो: "दाट शक्यता आहे", "नाकारता येत नाही", "सूत्रांचा अंदाज आहे". घरातल्या चार माणसांना यातल्या एकेका वाक्यापुढे टक्केवारी लिहायला सांगा आणि मग कागद एकत्र ठेवून बघा.

भाचीने शेवटी तोच विषय घेतला. पहिल्या सत्रात तिच्या वर्गाला दहा प्रश्न दिले होते. अमुक दोन देशांत करार होईल का, तमुक निवडणूक पुढे ढकलली जाईल का, असे. प्रत्येकापुढे टक्के लिहायचे आणि सत्र संपल्यावर गुण. सुट्टीत ती कागद घेऊन आली. दहापैकी आठ बरोबर, तरी गुण बेताचेच. आजोबांना हे काही पटेना. "अगं, आठ बरोबर म्हणजे पहिला वर्ग!" तिने समजावलं की चूक किती मोठी, त्याच्या वर्गाच्या, म्हणजे त्या आकड्याला त्यानेच गुणून, हिशोबात दंड बसतो. चुकलेल्या एका प्रश्नावर तिने ५५ लिहिले होते, ते फारसं महागात पडलं नाही. दुसऱ्यावर लिहिले होते ९५.

मावशीने तिच्या हातातला कागद घेतला, चष्मा लावून तो आकडा पाहिला आणि विचारलं, "हे पंचाण्णव तू कशावरून लिहिलेस?"

भाची जरा थांबली. "सगळेच तसं म्हणत होते."